काठावर बसवलेले साडू

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. अंदमानला जाण्याआधी आरोग्याचा जो फॉर्म भरायचा होता, त्यात माझ्या साडूंच्या नावाखाली हृदयविकाराच्या प्रश्नापुढे 'हो' अशी खूण मी केली. साडूंना हृदयविकार नव्हता. आजही नाही. बावन्न वर्षांचा हा माणूस तेव्हा केळीचा लोंगर एका हाताने उचलून टेम्पोत टाकायचा आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर टेम्पोवाल्याशी भांडत असायचा. खूण खोटी होती, आणि ती करताना ती खोटी आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. आता ती का केली हे सांगायचं तर साडू कोण हे आधी सांगायला हवं, आणि साडूंबद्दल बोलायला लागलं की मला राग येतो. अपराध माझा आणि रागही मलाच येतो, हे विचित्र आहे. पण येतो त्याला मी काय करू?

सुट्टी या गोष्टीचा इतका छळ अख्ख्या वसई-विरारमध्ये दुसऱ्या कुणी केला नसेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, यजमान. वसईच्या पश्चिमेला गावात त्यांची वाडी आहे: केळी, पानवेल, सोनचाफा, आणि मागच्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्यांचं बावखल. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं वसईकडचं छोटं तळं. वाडीला पाणी देतं आणि पोरांना पोहायला शिकवतं. साडू वाडी बघतात, फुलं दादरला पाठवतात, आणि उरलेला सगळा जीव नियोजनात ओततात. एकदा आम्ही दोन्ही कुटुंबं महाबळेश्वरला गेलो होतो. तिथे त्यांनी प्रत्येकाच्या हातात दिवसाचा तक्ता दिला. त्यात 'चार ते साडेचार : दरी पाहणे' असं होतं. चार वाजता धुकं होतं. दरी दिसेना. आम्ही अर्धा तास धुक्याकडे तोंड करून उभे राहिलो, कारण तक्त्यात तसं होतं. पावणेपाचला धुकं विरलं, दरी लख्ख उघडली, तेव्हा आम्ही स्ट्रॉबेरीच्या रांगेत होतो. "भाऊ, दरी दिसतेय आता," मी म्हटलं. "तिची वेळ गेली," साडू म्हणाले.

तर या माणसाने एका रविवारी ओटीवर जाहीर केलं, की मृण्मयीची दहावी संपली की दोन्ही कुटुंबांनी अंदमानला जायचं आणि पाठीला हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी उतरायचं. मृण्मयी त्यांची थोरली, सोळाची. धाकटा तन्मय तेराचा. माझी ईशा चौदाची. तिन्ही पोरांनी ओरडून घर डोक्यावर घेतलं. ताईंनी आणि माझ्या बायकोने लगेच सांगितलं, की आम्ही काठावर बसून गप्पा मारू, आम्हाला काही आत यायचं नाही. म्हणजे पाण्यात जाणारे पाच : साडू, तीन पोरं आणि मी. मला कुणी विचारलंच नाही. मी मूळचा साताऱ्याकडचा, राहतो विरारला चंदनसारला, तिसऱ्या मजल्यावर. आमच्या इमारतीत पाणी एक दिवसाआड येतं, आणि आलं की मी बादल्या मोजतो. जन्मात कमरेच्या वर पाणी मी फक्त मोरीतल्या पिंपात पाहिलेलं. असल्या माणसाला समुद्राच्या तळाशी न्यायचं! मी तसं म्हणालोही. साडू म्हणाले, "म्हनून तर न्यायचंय. तुमचा पान्यावर राग आहे साडू. पानी बघाल तर जाईल."

होडीतून नेऊन मध्येच पाण्यात सोडतात, तसलं त्यांना नको होतं. किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं, घोटा, गुडघा, कंबर, छाती, आणि मग डोकं, असंच हवं. तशी सोय करणारा एक गट त्यांनी फोनवर फोन करून तिथल्या एका लहानशा बेटावर शोधून काढला. "होडीतून उडी मारनं म्हंजे शेजाऱ्याच्या घरात कौलं काढून उतरनं. आपन दारातून जाऊ," असं त्यांचं म्हणणं. हसावं की वैतागावं हे मला कळेना. पण त्याच दुपारी चहा पिता पिता त्यांनी आणखी एक सांगितलं, आणि ते मला नीट आठवतं. म्हणाले, "जन्म गेला या समुद्राच्या बाजूला. आपलं पानी मातकट. गुडघाभर पान्यात आपलाच पाय दिसत नाय. बाबा गेले, आजोबा गेले, आत काय आहे ते बघितलं नाय कोनी. एकदा बघायचंय मला. पोरांबरोबर." एवढं बोलून त्यांनी कप खाली ठेवला आणि शिट्टी फुंकली, कारण चहाची वेळ संपली होती.

हो, शिट्टी. ती गळ्यात असायची. दर रविवारी सकाळी नऊ वाजता ओटीवर नियोजन बैठक, आणि चंदनसारहून रिक्षा, पूल, पुन्हा रिक्षा करत मी आणि ईशा नवाला पोचायचं. नऊ वाजून पाच मिनिटांनी पोचलो तर हजेरीत माझ्या नावापुढे 'उशिरा' असं लिहून ठेवायचे. हजेरी! मी सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, एका विमा कंपनीत दावे तपासायच्या खात्यात माझ्या हाताखाली सहा माणसं आहेत, आणि हा गृहस्थ माझी हजेरी घेतो! फळ्यावर खडूने दिवस मोजलेले असायचे. पाण्याखाली तोंडाने श्वास घ्यायचा असतो, नाकाने नाही, हे त्यांनी कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं, आणि दुसऱ्याच रविवारी आम्हा पाचही जणांच्या नाकाला कपडे वाळत घालायचे चिमटे लागले. तोंडात वाडीला पाणी घालायच्या पाइपाचा हातभर तुकडा. असं अर्धा तास बसायचं, हालायचं नाही, बोलायचं नाही. शेजारच्या म्हातारबाई ताक मागायला आल्या. ओटीवर पाच माणसं नाकाला चिमटे लावून भिंतीकडे बघत ओळीने बसलेली. त्या उंबऱ्यावर थबकल्या, इकडेतिकडे हुंगलं आणि दबक्या आवाजात ताईंना म्हणाल्या, "काय गो, काय मेलंय घरात?" तन्मयच्या तोंडातून पाइप उडाला. साडूंनी त्याची वेळ पहिल्यापासून मोजायला घेतली.

मग खुणांची भाषा आली. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून हाताने बोलायचं. अंगठा आणि तर्जनीचं गोल केलं की 'ठीक आहे'. नुसता अंगठा वर केला की 'वर चला'. साडूंनी फतवा काढला, की सवय व्हायला हवी, तेव्हा आजपासून घरात आणि घराबाहेरही हीच भाषा. तीन महिने तालीम चालली. त्याच काळात गावातल्या एका लग्नाला आम्ही सगळे गेलो. पहिल्या पंगतीला पोरं बसलेली, वाढपी नुकतेच भात वाढून गेलेले, आणि स्टेजवरून नवऱ्यामुलाने लांबूनच अंगठा दाखवला, जेवण झकास आहे ना, या अर्थी. तिन्ही पोरं भरल्या पानावरून एकदम उठून उभी राहिली. मीही राहिलो, हे सांगायला मला लाज वाटते, पण मीही राहिलो. मांडवात कुजबूज झाली, की मुलाच्या साताऱ्याकडच्या पाहुण्यांचा काही मानापमान झाला. वधूपिता हात जोडून धावत आले. साडू लांब उभे राहून आमच्याकडे इतक्या अभिमानाने बघत होते, की मला भात त्यांच्या अंगावर फेकावासा वाटला. त्याच लग्नात दुपारी त्यांना जराशी चक्कर आली, पंगती वाढण्याच्या नादात ते स्वतः जेवलेच नव्हते. लिंबूसरबत दिलं, पाच मिनिटांत उठले आणि पुन्हा ताटं मोजायला लागले. ही चक्कर लक्षात ठेवा. मी ठेवली होती.

तारखेवरून तर त्यांनी अंदमानलाच वेठीला धरलं. वसईच्या किनारपट्टीवरच्या जुन्या माणसांचा हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. साडूंना तो तोंडपाठ. उधाणाचं पाणी ओढ घेतं, म्हणून अष्टमीच्या आसपास, पाणी मवाळ असताना उतरायचं, असं त्यांनी पंचांग बघून ठरवलं. ते शहाणपणाचंच होतं. पण मग त्यांनी तिथल्या माणसाला फोन करून त्या दिवसाची भरतीची वेळही सांगितली. त्याने नम्रपणे वेगळी सांगितली. साडूंनी पुन्हा पाऊणपट केली. त्यानेही पुन्हा आपलीच वेळ सांगितली. साडूंनी फोन बंद करून आमच्याकडे पाहिलं. "त्यांचा समुद्र चुकतोय," ते म्हणाले. "भाऊ, ते हजार मैलांवर आहे, तिथली वेळ वेगळीच असणार." "मैल लांब असतील. चंद्र एकच आहे." पुढे आठ दिवस ते अस्वस्थ होते. शेवटी मोठ्या मनाने त्यांनी अंदमानला त्यांची वेळ वापरायची परवानगी दिली. बुडी मारल्यावर अठरा तास विमानात बसायचं नाही, हा नियम मात्र त्यांना भलताच आवडला. फळ्यावर त्यांनी तो दुप्पट करून छत्तीस लिहिला.

आणि मग बावखल. पोरांना पोहता यायला हवं म्हणून फेब्रुवारीपासून दर रविवारी दुपारी बावखलात वर्ग सुरू झाला. तिथली जुनी पद्धत म्हणजे दोन सुके नारळ, न सोललेले, सुंभाने एकत्र बांधायचे आणि छातीखाली घ्यायचे. पोरं महिन्याभरात नारळाशिवाय पोहायला लागली. पहिल्याच दिवशी ईशा पायरीवर बसून राहिली होती, पाण्यात पाय घालायलाही तयार नव्हती. साडूंनी त्या दिवशी शिट्टी काढून खिशात ठेवली. शेजारी बसले. दुपारचे दोन ते संध्याकाळचे पाच, तीन तास, दोघांचे पाय पाण्यात, आणि हा माणूस तिला बावखलातल्या माशांची नावं सांगत बसला. तक्ता नाही, घड्याळ नाही. पाच वाजता ती आपणहून पाण्यात उतरली. मी तिचा बाप. मला ते कधी जमलं नसतं. हे मला तेव्हाही दिसत होतं, हे मी आज कबूल करतो, कारण ते दिसूनही मी पुढचं केलं.

माझ्यासाठी चार नारळ लागले. तरीही एका रविवारी माझं सुंभ सुटलं. दोन नारळ डावीकडे गेले, दोन उजवीकडे, आणि मी खाली. बावखल तिथे छातीभरच होतं, पण पाय टेकता येतात हे मला सुचलंच नाही. मी ओरडायला तोंड उघडलं आणि त्यात शेवाळ गेलं. साडूंनी एका हाताने बखोट धरून उभं केलं, पाठ चोळली आणि म्हणाले, "साडू, नारळ तरंगतायत, तुम्ही का नाय?" काठावर सगळं घर हसलं. बायको हसली. ईशा हसली. तन्मयने ते फोनमध्ये टिपलं होतं, आणि मी अंग पुसेपर्यंत ते नातेवाइकांच्या ग्रुपवर गेलं होतं. कोल्हापूरच्या चुलतसासऱ्यांनी नारळाचं चित्र पाठवलं. नालासोपाऱ्याच्या सासूबाईंनी हात जोडलेले पाठवले. साडूंनी मला चहा आणून दिला, आल्याचा, आणि शेजारी बसून म्हणाले, "घाबरू नका. तिथे मी असनार ना बाजूला. हात नाय सोडनार." मी मान डोलावली. आतून मी इतका पेटलो होतो, की चहा गार लागला.

त्याच संध्याकाळी फॉर्म भरायचे होते. प्रत्येक घरात फॉर्म भरणारा एक माणूस असतो, आमच्या सासरच्या गोतावळ्यात तो मी. शाळेचे प्रवेश, पासपोर्ट, सासऱ्यांचा हयातीचा दाखला, सगळं माझ्याकडे येतं, कारण मला इंग्रजी येतं आणि माझं अक्षर चौकोनात मावतं. पाच माणसांचे आरोग्याचे फॉर्म ओटीवर बसून मी एकामागून एक भरले. दमा नाही, फिट नाही, कानाचं दुखणं नाही. साडूंच्या फॉर्मवर हृदयविकाराचा प्रश्न आला. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की उत्तर 'हो' असेल तर डॉक्टरांच्या दाखल्याशिवाय पाण्यात उतरता येणार नाही. मी वर पाहिलं. समोर मृण्मयी आणि तन्मय पुन्हा तो व्हिडिओ बघत होते आणि साडू त्यांच्या मागे वाकून हसत होते. मी 'हो' वर खूण केली. पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत होतो, की ईशाच्या काळजीपोटी केलं. ते खरं नाही. ईशा छान पोहत होती. मला पाण्याची भीती वाटत होती, 'मी येत नाही' हे तीन शब्द म्हणायचं धाडस होत नव्हतं, आणि त्या माणसाचा मला राग आला होता. कागद तिकडे गेला, की पुढारीच नापास होईल, पुढारी नाही तर सहल नाही, असा माझा सरळ हिशेब. बावीस वर्षं मी लोकांच्या फॉर्ममधल्या खोट्या खुणा पकडून पोट भरतो. खोटी खूण कुठे आणि कशी करायची हे मला नाही तर कुणाला कळणार? मी फॉर्म साडूंपुढे ठेवला. त्यांनी न वाचता सही केली. "तुम्ही भरलाय म्हंजे बघायला नको," म्हणाले.

मी वाट बघत राहिलो. तिकडून नकार आला नाही. सही केलेले फॉर्म सोबत आणा, आल्यावर बघू, असं त्यांचं उत्तर होतं. मला वाटलं, कोण बघतंय. तपासणारे लोक शंभरातले नव्वद कागद बघत नाहीत, हे मला माझ्याच खात्यावरून माहीत. म्हणजे सहल होणार, आणि खूणही तशीच राहणार. मी ती खोडायला हवी होती. तो कागद माझ्याच बॅगेत होता, महिनाभर. खोडायची म्हटलं तर नव्याने सही घ्यावी लागली असती आणि का ते सांगावं लागलं असतं. मी गप्प बसलो. गप्प बसणं मला फार चांगलं जमतं.

सकाळी आठला त्या बेटावरच्या किनाऱ्यावर आम्ही उभे राहिलो. साडू गुडघाभर पाण्यात गेले आणि तिथेच थांबले. मान खाली घालून बघत राहिले. मग ओरडले, "साडू! नखं दिसतायत! माझी नखं दिसतायत!" पंचवीस माणसांच्या देखत बावन्न वर्षांचा माणूस स्वतःच्या पायाच्या नखांकडे बोट दाखवून नाचत होता. तेवढ्यात शिकवणारी मुलगी फाइल घेऊन आली, पंचविशीची असेल. चार कागद उलटले आणि पाचव्यावर थांबली. "अंकल, इसमें दिल की बीमारी पर 'हाँ' है. डॉक्टर का सर्टिफिकेट लाए हैं?" साडू पाण्यातूनच वळले. "काय म्हनते ती, साडू?"

त्या क्षणी 'माझी चूक झाली' एवढं म्हणायचं होतं. चूक म्हटलं असतं तरी चाललं असतं. खोटेपणा म्हणायचीही गरज नव्हती. मी म्हणालो, "त्या लग्नात तुम्हाला चक्कर आली होती ना, भाऊ. थोडी जरी शंका असली तरी 'हो' लिहावं लागतं. नियम कडक असतात."

"उपाशी होतो मी तेव्हा."

"हो. पण नियम..."

साडू कागदाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मला वाटलं, ओळखलं. ते पाण्यातून बाहेर आले, माझ्या खांद्यावर ओला हात ठेवला आणि म्हणाले, "बरोबर लिहिलंत. पान्याशी खोटं नाय बोलायचं." मृण्मयीच्या डोळ्यांत पाणी आलं. "पप्पा, मग कोणीच नको जायला. डॉक्टर शोधू, उद्या जाऊ." उद्या दुसरे लोक ठरलेले होते, परवा परतीची बोट. साडूंनी गळ्यातली शिट्टी तोंडात घातली आणि फुंकली. "रांग! तन्मय, चिमट्याची गरज नाय, काढ तो. साडू, तुम्ही ईशाच्या मागे." आणि आम्ही गेलो. घोटा, गुडघा, कंबर, छाती.

आता सगळ्यांत वाईट भाग. मला भीती वाटली नाही. शिकवणाऱ्या मुलीने माझा हात धरला होता. नाकाऐवजी तोंडाने श्वास घ्यायला मला क्षणभरही अडलं नाही, तीन महिने पाइप तोंडात धरून भिंतीकडे बघितलं होतं ना. खाली वाळू पांढरी होती. निळे मासे झुंडीने आले आणि मला वळसा घालून गेले, जसं मी तिथलाच कुणी आहे. ईशाने मागे वळून बोटांचं गोल करून दाखवलं आणि मीही गोल केलं. आयुष्यात इतकं सुंदर मी काही बघितलेलं नाही. ते मी दुसऱ्याच्या जागेवर उभं राहून बघत होतो, आणि तरी आणखी थोडा वेळ मिळावा असं मला वाटत होतं.

वर आलो तेव्हा साडू काठावर चार टॉवेल हातावर घेऊन उभे. दोन्ही बहिणी मागे झाडाखाली, गप्पा केव्हाच संपलेल्या. साडूंनी एकेकाला पुसलं आणि विचारायला लागले, "सांगा. काय होतं?" तन्मय म्हणाला, "भारी." "भारी म्हंजे?" "म्हणजे एकदम भारी, पप्पा." या वयाची पोरं यापलीकडे काही सांगत नाहीत. मग ते माझ्याकडे वळले. "साडू, तुम्ही सांगा. तळ कसला आहे? वाळू का चिखल?" मी सांगितलं, वाळू. पांढरी. त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. मग मासे किती मोठे, किती खोल, आवाज येतो का, एकेक विचारलं, आणि मी एकेक सांगितलं. एका प्रश्नाला मी अडलो तेव्हा ते म्हणाले, "आठवा, आठवा. घाई नाय."

यानंतर जे सुरू झालं त्याने माझा जीव नकोसा झाला आहे. साडू प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात माझ्या पाठीवर थाप मारून लोकांना सांगतात, "या मानसाने माझा जीव वाचवला. सगळ्यांसमोर माझी लाज राखायची तर खोटं लिहिलं असतं. नाय लिहिलं." आणि कुणाकुणाला सांगतात! ताईंनी मला राखी बांधली. सासूबाई माझ्या ताटात दुसरी पुरणपोळी न विचारता वाढतात. गावच्या डॉक्टरांनी दोनदा ईसीजीची पट्टी काढली, इको केला, म्हणाले, तुमचं हृदय पंचविशीतल्या पोराचं आहे. साडू तो कागद घेऊन माझ्याकडे चंदनसारला आले आणि म्हणाले, "मशीनला काय समजतंय? तुम्ही मशीनच्या आधी ओळखलं." मला ओरडावंसं वाटलं. अहो, डॉक्टर सांगतोय! विश्वास ठेवायला तुम्हाला मीच सापडलो? पण ते जिने सावकाश चढून आले होते, प्रत्येक मजल्यावर थांबून, कठड्याला धरून. हा माणूस तीन मजले धावत यायचा. लोंगर आता गडी उचलतात. शिट्टी ताईंनी भिंतीवर टांगून ठेवलीय, फुंकल्याने छातीवर ताण येतो म्हणून. बावखलात उतरून दर पंधरवड्याला जलपर्णी काढायचं काम ते स्वतः करायचे. दीड वर्षात पाणी पानांखाली दिसेनासं झालंय. नऊ वाजता कुणी हजेरी घेत नाही. मी साडेनवाला गेलो तरी ताई दार उघडतात आणि म्हणतात, "हळू बोला, पडलेत जरा." ज्या शिस्तीला मी इतकी वर्षं शिव्या घातल्या ती गेली, आणि मला रविवारी सकाळी कुठे जावं ते कळत नाही.

मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. मृण्मयी पुढच्या वर्षी शिकायला बाहेरगावी जाईल, त्याआधी एकदा सगळ्यांनी पुन्हा त्या बेटावर जायचं. मी गेलो तर ओटीवर फळा पुसलेला होता, खडू होता, अष्टमी काढलेली होती. अंदमानच्या वेळेप्रमाणे. दोन रकाने आखले होते. 'पाण्यात' खाली चार नावं, माझं पहिलं. 'काठावर' खाली ताईंचं, माझ्या बायकोचं आणि शेवटी स्वतःचं, त्यांच्याच अक्षरात. "तुम्ही नीट बघून या," ते म्हणाले. "मागच्या वेळी तुम्ही फार चांगलं सांगितलंत. पोरांना काय सांगता येत नाय." आणि कोपऱ्यातलं घडीचं स्टूल त्यांनी उलगडून दाखवलं. काठावर बसायला आणलं होतं. बसून दाखवलं, उठले, पुन्हा बसले. "बरं आहे ना?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, बरं आहे.

सहलीला अजून चार महिने आहेत. फॉर्म याही वेळी माझ्याकडेच येणार आहेत. साडूंना मी एक खरं वाक्य देणं लागतो, त्यांच्या तोंडावर, ताईंसमोर आणि पोरांसमोर म्हणायचं. आणि समुद्राच्या तळाशी अर्धा तास. दोन्ही अजून दिलेलं नाही.